पाटीवरची म्हातारी

भिंगारमध्ये कुणालाही विचारा, गोरक्ष सरांसारखा नवरा मिळायला भाग्य लागतं, असंच सांगतील. मोबाईलला शिवत नाहीत, संध्याकाळी घराबाहेर पडत नाहीत, सारखं वाचन. माझ्याकडे ब्लाऊज टाकायला येणाऱ्या बायका तर उंबऱ्यातूनच उसासे सोडतात. "मालनताई, आमच्या ह्यांना लावू का हो सरांकडं शिकवणी?" त्या वेळी माझ्या तोंडात टाचण्या असतात म्हणून बरं, नाहीतर काय बोलून बसेन देव जाणे.

आमचे हे हायस्कूलला विज्ञान शिकवतात. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ह्यांच्या हातातून फोन सुटत नव्हता. जेवताना फोन, मोरीत फोन. शेवटी गल्लीतल्या एका आजोबांच्या सावडण्याला गेले आणि राखेपुढं सगळे हात जोडून उभे असताना ह्यांच्या खिशातून ढोलकी वाजायला लागली. रील चालूच राहिलं होतं. बंद करायच्या गडबडीत आवाज आणखी मोठा झाला. त्या दिवशी घरी येऊन जे गप्प बसले, ते दुसऱ्या दिवशी लेकीला म्हणाले, "सृष्टी, काहीतरी उपाय सांग बाई."

सृष्टी पुण्याला नोकरी करते. तिनं ती पाटी पाठवून दिली. म्हणजे नाव काहीतरी इंग्रजी आहे तिचं, पण मी पाटीच म्हणते. करड्या रंगाची, डोळ्यांना कागदासारखी वाटणारी. त्यात ना रंग, ना गाणी, ना कुणाचा फोन. इंटरनेटवर दिसलेले लेख सकाळी त्या पाटीच्या ईमेल पत्त्यावर पाठवून ठेवायचे, संध्याकाळी फोन कपाटात टाकायचा आणि पाटीवर निवांत वाचत बसायचं. सृष्टीनं सगळं जोडून दिलं, आणि खरं सांगते, पहिल्या दिवशी मी देवापुढं साखर ठेवली. म्हटलं, सुटलं एकदाचं. आता माणूस माणसात येईल.

कसला येतोय! फोन होता तेव्हा निदान त्याची बॅटरी तरी संपायची. चार्जिंगला लावला की तेवढ्या वेळात दोन शब्द बोलून घेता यायचे. ह्या मेल्या पाटीचं चार्जिंग महिनामहिना उतरत नाही. आणि फोनवरून भांडता तरी येत होतं. "ठेवा ते डबडं" म्हटलं की चार लोक माझ्या बाजूनं बोलायचे. आता काय म्हणू? वाचतायत. वाचणाऱ्या माणसाला बोलले तर मीच अडाणी. ह्यांचं मात्र झ्याक झालं. मधमाशांवरचे लेख, जपानी लोक घर कसं आवरतात त्यावरचे लेख, आणि सगळ्यात जास्त, माणसाचं लक्ष कसं हरवत चाललंय त्यावरचे. मी समोर उभी राहून बोलत असायची आणि हे लक्ष हरवल्याचा लेख लक्ष देऊन वाचत असायचे. बोललं की "हं" यायचं. कशालाही "हं".

वर आणखी भाषणं सुरू झाली. ह्या शाळेत, त्या मंडळात, 'मोबाईलमुक्त जीवन'. लोका सांगे ब्रह्मज्ञान. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची.

हे सगळं मी गिळलंही असतं. पण माझ्या आईचं झालं.

आई माझी, लंकाबाई, कर्जतच्या अलीकडे आमच्या गावाबाहेर वस्तीवर राहते. एकटीच. भाऊ भीमा चाकणला कंपनीत आहे, एका खोलीत चौघं. आई तिकडं दोनदा जाऊन आली आणि तिसऱ्यांदा जायचं नाव घेत नाही. भावजय वाईट नाही हो, पण घरात पाय पसरायला जागा नसली की चांगलं माणूससुद्धा तुसडं होतं. तर गेल्या उन्हाळ्यात आई हौदाजवळ घसरून पडली. सकाळचं पाणी काढायला गेली होती. उठताच येईना. कुत्रं भुंकतंय, हाक ऐकायला चिटपाखरू नाही. दुधाचा टेम्पो आला तेव्हा त्या माणसानं पाहिलं आणि शेजारच्या वस्तीवरच्या राहीबाईला हाक मारून आणलं. मी जाऊन राहिले तिच्यापाशी. हाड मोडलं नव्हतं, पण आई आतून मोडली होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. सुनेच्या तुसडेपणाचंही बोलली, कधी नव्हे ते. म्हणाली, "माले, मरनाचं भ्या न्हाई गं. पन कुनाला कळायच्या आधी मुंग्या लागायच्या, त्येचं भ्या वाटतं."

मी म्हटलं, चल माझ्याकडं. तर मान हलवली. तुम्हाला ठाऊक असेल आमच्याकडची पद्धत. लेकीच्या घरी आईनं पाहुणी म्हणून दोन दिवस जावं, लेकीला चोळी-बांगडी करावी, परत यावं. कायमचं राहायचं तर जावयानं स्वतः दारात येऊन, तोंडानं म्हटलं पाहिजे, "मामी, चला, घर तुमचंच आहे." लेकीनं म्हणून चालत नाही, लेक काय, मायेपोटी म्हणणारच. "पाव्हण्यांनी येऊन म्हनू दे, उद्या गठुडं बांदते," आई म्हणाली. "त्याबिगर आले तर माझ्या ताटातली भाकर मला टोचंल." तिच्या आवाजात हट्ट नव्हता. यायची इच्छा होती, अगदी लहान मुलीसारखी होती. फक्त एक वाक्य पाहिजे होतं.

घरी आले आणि ह्यांना सगळं सांगितलं. हौद, टेम्पो, राहीबाई, मुंग्या, सगळं. पाटी हातात होती. म्हणाले, "हं. बरं झालं, हाड नाही मोडलं." मी म्हटलं, "अहो, तुम्ही एकदा जाऊन तिला चला म्हणाल का?" "हं, बघू." दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुन्हा "हं". पालथ्या घड्यावर पाणी. एकदा तर मी पाटी खेचून घेतली. हे इतके दुखावल्यासारखे माझ्याकडं बघायला लागले की मलाच चोर केल्यासारखं झालं. "मालन, मी काय दारू पितोय का? वाचतोय ना?" मी पाटी परत दिली. आणि मग सांगायचं ते राहूनच गेलं.

तेव्हा मनात आलं, ह्या माणसाच्या डोक्यात शिरायला एकच दार उघडं आहे. ते लेखाचं.

दुपारी मशीनपाशी बसून मी फोनवर लिहायला सुरुवात केली. मी मराठी घेऊन बी.ए. झालेय, कर्जतच्या कॉलेजात निबंधाला बक्षीस घेतलेलं आहे, आता कुणाला आठवत नाही ती गोष्ट वेगळी. लिहिलं सगळं. दुष्काळी मुलखातली वस्ती, एकटी म्हातारी, हौद, दुधाचा टेम्पो, शेजारीण, सुनेची एक खोली, मुंग्यांचं भय, आणि जावयाच्या एका वाक्याची वाट. गावाचं नाव घातलं नाही. जावई मास्तर होता तो बँकेतला साहेब केला, म्हणजे ह्यांना एकदम चपराक बसल्यासारखं होऊ नये. बाकी खोटं लिहायला मला जमत नाही. शेवट केलाच नाही. म्हटलं, शेवट ह्यांनी करावा. वर नाव दिलं, 'एका वाक्याची वाट'. सृष्टीला विचारून पाटीच्या पत्त्यावर पाठवलं. ती म्हणाली, "आई, काय पाठवतेयस?" मी म्हटलं, "पाककृती."

संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्या समोर काजं करत बसले. मधमाशा झाल्या, मग माझा लेख आला. मला त्यांच्या कपाळावरून कळलं. वाचता वाचता चष्मा काढला, डोळे पुसले. माझं काळीज असं धडधडायला लागलं, लग्नातसुद्धा धडधडलं नव्हतं.

"मालन, हे ऐक," म्हणाले, आणि माझाच लेख मला वाचून दाखवला. चांगला आवाज आहे ह्यांचा. मुंग्यांचं वाक्य आलं तिथं थांबले. म्हणाले, "काय लिहिलंय! अगं, काय एकेक माणसं असतात. त्या साहेबाला एक वाक्य जड झालं बघ."

मी सुई खाली ठेवली. "मग त्यानं काय करावं, असं वाटतं तुम्हाला?"

"करायचं काय? उठावं आणि जाऊन घेऊन यावं म्हातारीला. ह्यात विचार कसला?"

मी बघत राहिले. आता उठतील, आता वळतील, आता म्हणतील. त्यांनी बोटानं पान सरकवलं आणि म्हणाले, "अरे वा, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात."

तेव्हाच ओरडून सांगायला पाहिजे होतं, म्हणाल तुम्ही. नाही सांगितलं. ज्या माणसाला मी स्वतः सांगितलेलं ऐकू आलंच नव्हतं, त्याला त्या हौदाची ओळख पटावी कुठून? राग आला होता, आणि रागापेक्षा अपमान मोठा होता. म्हटलं, मुरू दे. आपोआप उमगेल.

पुढच्या आठवड्यात आमच्या गावाहून निरोप आला. गावानं ठरवलं होतं, रोज संध्याकाळी सातला ग्रामपंचायतीवरचा भोंगा वाजवायचा आणि तासभर सगळ्या घरांतले मोबाईल-टीव्ही बंद ठेवायचे. त्या भोंग्याच्या उद्घाटनाला पाहुणा कोण? तर गावचाच जावई, मोबाईलमुक्त गोरक्ष सर. न्यायला जीप पाठवली. जीपमध्ये हे पुढं बसले, पाटी काढली. मी मागून डोकावून पाहिलं तर माझाच लेख! पुन्हा वाचत होते. मिरजगावच्या पुढं गेल्यावर मागं वळून म्हणाले, "मामींना भेटायला पाहिजे आज." देवा, पोचलं म्हटलं. मी आईला फोन लावला, म्हटलं, "आज जरा नवं लुगडं नेस."

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. ह्यांना फेटा, शाल, नारळ. पहिल्या रांगेत मी, माझ्या शेजारी आई, तिच्या पलीकडं राहीबाई. आईला काय वाटत होतं ते तिच्या बसण्यावरूनच दिसत होतं. जावयाचा सत्कार बघून सारखी पदर सावरत होती. माझा हात हातात घेऊन बसली होती.

हे उभे राहिले. फोन कसा सुटला ते सांगितलं, लोक हसले. मग पाटी वर धरून म्हणाले, "फोन सुटला म्हणून मी वाचायला लागलो. आणि वाचायला लागलो म्हणून मला माणसं कळायला लागली. परवाच वाचलेली एक हकीकत तुम्हाला वाचून दाखवतो."

मला आधी कळलंच नाही. पहिलं वाक्य आलं आणि ओळखलं, माझाच लेख.

एकटी म्हातारी. हौद. कुत्रं. दुधाचा टेम्पो. आख्ख्या गावाला माहीत असलेली गोष्ट, फक्त वाचणाऱ्याला माहीत नव्हती. मागच्या रांगांमधून कुजबूज सुरू झाली. टेम्पोवालासुद्धा तिथंच कडेला उभा होता, त्यानं टोपी काढली. राहीबाईनं तोंडाला पदर लावून आईकडं पाहिलं. एकेक डोकं वळत वळत सगळा मांडव माझ्या आईकडं बघायला लागला. हे काही बघत नव्हते, कारण ह्यांचे डोळे पाटीवर. मी हातानं खुणावलं, ते कुठून दिसणार! हे पुढचं पुढचं वाचत गेले. भावजयीची एक खोली, ताटातली टोचणारी भाकरी, मुंग्या, काही सोडलं नाही. आवाज भरून आला तिथं थांबले आणि पाणी प्यायले.

आईनं माझ्या हातातला हात काढून घेतला, पदर पुढं ओढला आणि ताठ बसून राहिली.

टाळ्या कडाडल्या. बायका डोळे पुसत होत्या. सरपंचांनी भोंगा वाजवला, सगळ्यांनी फोन बंद केले आणि चहा सुरू झाला. हे फेटा सावरत आईकडे आले, पाया पडले. "काय मामी, कसं वाटलं?"

"लई ग्वाड बोललात," आई म्हणाली. "मंग? त्या म्हातारीला नेलं का जावयानं?"

"ते काही दिलेलं नव्हतं, मामी. लेख तिथंच संपतो."

"व्हय का," आई म्हणाली. "मंग न्हाईच नेलं." आणि राहीबाईचा हात धरून वस्तीच्या वाटेला लागली.

शाळेच्या ऑफिसात मी ह्यांना कोपऱ्यात घेतलं. काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण चहाचे कप धरलेली माणसं बाहेर निघून गेली एवढं आठवतंय. ती म्हातारी कोण, जावई कोण, लेख लिहिणारी कोण, सगळं तोंडावर फेकलं. ह्यांचा चेहरा पांढरा पडला. थोडा वेळ फेट्याचा शेमला चाचपत राहिले. मग म्हणाले, "मग सरळ सांगायचंस ना, मालन! मी काय नाही म्हटलं असतं?"

अगं आई गं! सरळ! त्या क्षणी मला ह्या माणसाला मारावंसं वाटलं, आणि रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. म्हटलं, "आता तरी चला."

जीप वस्तीवर नेली. आई ओट्यावर बसली होती, नवं लुगडं बदलून जुनं नेसली होती. हे माणूस म्हणून वाईट नाहीत, हे मला तेव्हाही कबूल होतं. चपला काढल्या, फेटा काढला, तिच्या पायाशी खाली बसले. "मामी, चुकलं माझं. चला आमच्याकडं. घर तुमचंच आहे." जसं पाहिजे तसंच म्हणाले, शब्दसुद्धा तेच. ज्या वाक्यासाठी मी उन्हाळ्यापासून तडफडत होते, ते माझ्यासमोर, माझ्या कानांनी ऐकलं.

आईनं त्यांना हात धरून उठवलं. "पाव्हणं, वर बसा. जावयानं असं खाली बसू न्हाई. तुमी आलात, म्हनलात, माझा मान झाला. पन आता म्या येत न्हाई."

"का, मामी?"

"भाषनाच्या आदी आला असता तं गठुडं बांदलेलंच हुतं." तिनं घरात बोट दाखवलं. खरंच, दाराआड गाठोडं होतं. माझ्या फोनवरून काय समजायचं ते समजली होती बिचारी. "आता आले तं गाव काय म्हनंल? भाषनात रडली आन जावयाच्या दारात जाऊन पडली. जलमभर कुनाफुडं हात पसरला न्हाई म्या. आज भर मांडवात पसरून झाला. आता हितंच ऱ्हाते, म्हंजी लोकं तरी म्हनतील, ती म्हातारी दुसरी कुनी असंल."

मी पुढं झाले. "आई, अगं, मी ते फक्त ह्यांच्यासाठी लिहिलं होतं. दुसऱ्या कुणी वाचायचंच नव्हतं."

तेव्हा माझ्याकडं पाहिलं तिनं. मांडवापासून पहिल्यांदा. "त्येंच्यासाठी लिवाय लागतंय व्हय? तोंड न्हाई तुला? तुझ्या मांडीवर रडले त्ये पोटची पोर म्हनून रडले. सूनंचं बोलले, भाकरीचं बोलले. भीमाच्या कानावर जाईल आता त्ये. पाव्हण्यांना काय ठावं हुतं? त्ये परके. तुला ठावं हुतं."

जावयाला माफी मिळाली. मला नाही.

परतीच्या वाटेवर घोगरगावच्या आसपास ह्यांनी एकदम मोकळा श्वास सोडला आणि म्हणाले, "मी माझ्या परीनं म्हटलं. त्याच नको म्हणाल्या, मालन. आता आपण तरी काय करणार?" ह्यांच्यापुरतं प्रकरण मिटलं होतं. आता भिंगारमध्ये सांगत असतात, सासूबाईंना न्यायला मी स्वतः गेलो होतो, पण जुनी माणसं, मानी असतात. बायका माझ्याकडं बघून म्हणतात, "बघा बाई, असा जावई!"

भीमाच्या कानावर गेलं. भावजय मला फोन करत नाही, आणि आईलाही करत नाही. आईचा आणि माझा फोन होतो, नाही असं नाही. पाऊस कितपत झाला, शेरडी कशी आहे, ज्वारी निघाली का. मी विचारते, ती उत्तर देते. पूर्वी माझ्याशी बोलताना मध्येच आवाज खाली आणून काहीतरी सांगायची, "कुनाला बोलू नको बरं का" म्हणून. ते बंद झालं.

परवा राहीबाईचा फोन आला. आई पुन्हा पडली होती, गोठ्यात. डोक्याला खोक पडली, टाके घातले, झाले म्हणे आठ-दहा दिवस. मी हातातलं कापड टाकून लगेच आईला फोन लावला.

"आई, पडलीस तू?"

"कोन म्हनलं? न्हाई गं. बरी हाय मी."

"राहीबाईनं सांगितलंय मला. टाके पडलेत. अगं, मला का नाही सांगितलंस?"

मागं शेरडी ओरडत होती. मग अगदी हळू, कुणी ऐकू नये अशा बेतानं म्हणाली, "तुला सांगायचं भ्या वाटतं, मालन." आणि फोन ठेवला.